जवळजवळ बंद केलेली खिडकी

४ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. कारण असं की पाळकसाहेबांनी मला पालक वर्ग घ्यायला सांगितलं आहे. रविवारची उपासना झाली की चर्चच्या मागच्या खोलीत बसायचं आणि वयात येणाऱ्या मुलांच्या आईबापांना चार गोष्टी सांगायच्या. मी म्हटलं, साहेब, मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसणारी बाई, मी काय मार्गदर्शन करणार? तर म्हणाले, "तुमची लेक बघा ना, किती शांत, किती वळणाची. ज्यांनी करून दाखवलं त्यांनीच सांगावं." आता यावर नाही कसं म्हणणार? मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वही दुकानातच ठेवणार आहे. दुकान घराखालीच, किल्लीही माझ्याकडे, रात्रीसुद्धा उतरून लिहिता येईल. मागच्या दांड्यावर लोकांनी न नेलेले कपडे लटकतात. त्यात एक करडा ओव्हरकोट आहे, त्याचा मालक आहे की गेला देव जाणे. त्याच्या आतल्या खिशात वही बरोबर बसते. घरी ठेवली असती, पण घरात कोण कधी काय उघडून वाचेल याचा नेम नाही.

शांत म्हणाले पाळकसाहेब. पिलू शांत आहे हे खरं, पण ती फारच शांत आहे आणि तेच मला खटकतं. सोळा वर्षांची झाली, आता पिलू म्हटलेलंही आवडत नाही. गेल्या महिन्यापासून बाईसाहेब स्वतःचे कपडे स्वतः धुतात. आई लॉन्ड्रीत, घरात मशीन, आणि मुलगी बादलीत हातांनी कपडे घुसळतेय! का गं, विचारलं तर म्हणे, "सवय हवी ना." मशीनमध्ये कपडा घालण्याआधी मी खिसे उलटे करून बघते, हे तिला माहीत आहे. दुकानात माझं मुख्य काम तेच. एखादं पेन आत राहिलं तर सगळे कपडे निळे होतात. इतकी वर्षं खिसे चाचपल्यावर बोटांनाच माणूस कळायला लागतो. मग ज्या मुलीच्या खिशात काही नाही, तिला बादली कशाला लागते? कुठेतरी पाणी मुरतंय.


७ सप्टेंबर, रविवार

पहिला वर्ग झाला. चांगला झाला असं सगळे म्हणाले. मी सांगितलं की मुलांशी मैत्री करा, त्यांच्या खोलीत जाताना दार वाजवा, त्यांनाही मान असतो. लोकांनी माना डोलावल्या. एका बापाने तर लिहून घेतलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "दार वाजवा म्हणालीस?" हे म्हणजे आमचे हे, लिफ्ट दुरुस्त करतात, बोलतात कमी. मी म्हटलं, हो, का? म्हणाले, "काही नाही. पिलूच्या दाराची कडी मीच काढून दिली होती तुला, आठवलं." ती बिघडली होती म्हणून काढली. परत लावायची राहून गेली, त्यात काय एवढं?

वर्गात ऑर्गनबाईने एक प्रश्न विचारला तो मात्र डोक्यातून जात नाही. ही आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, तिचा मुलगा उंच्या पिलूच्याच तरुण संघात आहे. ती म्हणाली, "मुलं घरी तोंडात मूग गिळून बसतात, आणि शनिवारी संघात दोन दोन तास बोलतात. काय बोलत असतील हो?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय माहीत! पण वर्ग घेणाऱ्या बाईला माहीत असायला नको का?


१० सप्टेंबर, बुधवार

आज दातवाल्याचं जाकीट धुवायला आलं. तरुण संघ चालवतो तो हाच. दातांच्या कारखान्यात कवळ्या बनवतो, संध्याकाळी मुलांना गाणी शिकवतो. वय पंचविशीचं, लग्न नाही, हसणं गोड. मला गोड हसणारी माणसं पटकन पचत नाहीत.

खिसे तपासले. आतल्या खिशातून दात निघाला. मी अशी किंचाळले की इस्त्रीवाले दोघंही धावत आले. प्लास्टरचा होता, पण दात तो दातच. संध्याकाळी न्यायला आला तेव्हा म्हणाला, "अरे वा, सापडला! काकू, केव्हापासून शोधतोय." मी म्हटलं, सापडला बाबा, आता सांग, तुम्ही शनिवारी तिथे करता तरी काय? म्हणाला, "गाणी, खेळ, थोडं बायबलचं वचन, थोडं ओझं."

"ओझं म्हणजे?"

"मनातलं हो काकू. ज्याचं त्याचं." आणि हसला. बोलताना माझ्या दातांकडेच बघत होता. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्याने.

मुलांच्या मनातलं याला कशाला हवं? मी सोळा वर्षं वाढवलेल्या मुलीच्या मनातलं याला दर शनिवारी फुकटात मिळतं, आणि मला मिळतं "काही नाही", "बरं आहे", "सवय हवी ना". यांना सांगितलं तर म्हणाले, "फौजदारीणबाई, वर्दी शिवायला टाकू का?"

मी काहीतरी ठरवलं आहे.


१३ सप्टेंबर, शनिवार

संघाच्या चहाची जबाबदारी घेतली. दातवाला म्हणाला, काकू, आम्ही करतो ना. मी म्हटलं, छे छे, मुलांनी वचन ऐकावं, चहा मी बघते. पिलूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधल्या भिंतीत बशा सरकवायची खिडकी आहे. तिला लाकडी फळी आहे, ती आडवी सरकते. गाणी झाली, खेळ झाला. मग दातवाला खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "काकू, आता प्रार्थना आहे. एवढी फळी लावून घ्या हं." मी लावली. म्हणजे जवळजवळ लावली. फळी जुनी आहे, पूर्ण लावताना करकर करते, प्रार्थनेत आवाज नको म्हणून बोटभर फट ठेवली.

आधी सगळे दोघादोघांनी कोपऱ्यात बसले. आणि पिलू उंच्याच्या जोडीला होती. डोक्याला डोकं लावून कुजबुज चाललेली. ती बोलत होती आणि तो ऐकत होता. माझ्याशी ती दिवसभरात जेवढं बोलते त्याच्या दहापट! म्हणजे हा प्रकार आहे तर. बादलीचं कारण ताडाएवढं उंच आहे.

मग सगळे गोलात आले आणि एकेकाने उभं राहून आपलं ओझं सांगितलं. उंच्याची पाळी आली. पाठ केल्यासारखा अडखळत बोलला बिचारा. म्हणाला, "माझ्या वस्तूंची घरी झडती होते. मी काही लपवत नाही, तरी आता लपवावंसं वाटायला लागलंय. घरी गेलं की आधी बघावं लागतं, सगळं जागेवर आहे की कोणी हलवलंय. माझं आईवर प्रेम आहे. पण तिच्यासमोर बसलं की जबाब द्यायला बसल्यासारखं वाटतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय ही बाई! वर्गात येऊन निरागसपणे विचारते, मुलं काय बोलत असतील हो? हे बोलतात, बाई. तुझ्याबद्दल बोलतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून!

पिलू काय बोलली ते नेमकं निसटलं, चहा उतू गेला.


१४ सप्टेंबर, रविवार

आज वर्गात मी कोणाची भीडभाड ठेवली नाही. नाव घेतलं नाही, पण बोलले. म्हटलं, काही आया मुलांच्या कपाटात हात घालतात, गाद्या उचलतात, वह्या चाळतात. त्यांना वाटतं आपण काळजी घेतो. काळजी नव्हे ही, चोरी आहे. मूल एकदा घाबरलं की खरंही सांगत नाही आणि खोटंही सांगत नाही, नुसतं गप्प बसतं. हे म्हणताना माझा आवाज भरून आला. ऑर्गनबाईकडे रोखून बघत होते. ती बाई शांतपणे मान डोलावत होती! नंतर जवळ येऊन म्हणते, "फार मनापासून बोललात हो." दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते असं.

पाळकसाहेबांनी दारातून ऐकलं म्हणे. "तुमच्यासारख्या आया हव्यात," म्हणाले.

जेवताना सगळं यांना सांगितलं. हे घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "हे तू बोललीस? चोरी म्हणालीस?" मी म्हटलं, हो. मग यांना ठसका लागला, पाणी प्यायले, उठून बाल्कनीत गेले. खांदे हलत होते. रडत होते की हसत होते कळलं नाही, आणि विचारलं तर म्हणाले, "मिरची."

पिलू मात्र जेवता जेवता थांबली होती. माझ्याकडे बघत होती, पण रागाने नाही. बऱ्याच दिवसांनी तशी बघितली. "खरंच असं वाटतं तुला?" म्हणाली. मी म्हटलं, अर्थात. तिने मला वाढू का विचारलं.


१७ सप्टेंबर, बुधवार

पिलू शाळेत गेल्यावर तिची गादी, कपाट आणि दोन्ही जाकिटं बघून घेतली. झडती वेगळी आणि नजर ठेवणं वेगळं. उंच्याची एखादी चिठ्ठी किंवा भेटवस्तू, काही तरी असेल असं वाटलं होतं. काही मिळालं नाही. जाकिटाच्या खिशात साधा रुमालसुद्धा नाही. इतके स्वच्छ खिसे माणसाचे नसतात. आपल्या वस्तू कोणीतरी बघणार आहे हे ज्याला माहीत असतं, त्याचेच खिसे असे असतात.

म्हणजे ती सावध आहे, आणि सावध आहे म्हणजे काहीतरी आहे.


२० सप्टेंबर, शनिवार

एवढ्या घाईत लिहितेय, अक्षर बघून घ्या म्हणावं. म्हणजे कोणाला म्हणणार, माझं मलाच.

आज मुद्दाम चहा लवकर करून ठेवला. आज पिलूची जोडी पाळकसाहेबांच्या थोरलीशी होती. मला हायसं वाटलं. थोरली लहानपणच्या शब्बाथशाळेपासूनची मैत्रीण, गुणी पोर. दोघी खूप वेळ बसल्या. थोरली बोलताना डोळे पुसत होती, बहुतेक पिलूसाठीच. पुढच्या महिन्यात दोघींचं दृढीकरण आहे, मंडळीसमोर उभं राहून विश्वासाची कबुली द्यायची आहे.

मग पिलू गोलात उभी राहिली. खाली बघून, सावकाश, एकेक शब्द जपून बोलली. "पुढच्या महिन्यात मला उभं राहायचंय. पण माझ्यात विश्वास उरलेला नाही. प्रार्थना करते तेव्हा समोर कोणी आहे असं वाटत नाही. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ देवाचंच बोलणं असतं, म्हणून घरी सांगता येत नाही. बाबांच्या तोंडाकडे बघून मी हो म्हणणार आहे, आणि ते खोटं असणार आहे. मला भीती वाटते."

माझ्या हातातली बशी ओट्यावर आपटली. हॉलमध्ये कोणी हललं नाही.

माझी मुलगी! पालक वर्ग घेणाऱ्या बाईची मुलगी! आणि सकाळ-संध्याकाळ देवाचंच बोलणं म्हणे. आमच्या घरात? यांना तर लिफ्ट मधेच अडकली तरच देव आठवतो. मुलं वाढवून सांगतात हेच खरं. बाबांच्या तोंडाकडे बघून, म्हणाली. बापाची एवढी फिकीर, आणि आई कुठे गेली? माझं नावसुद्धा नाही.

हे सगळं त्या दातवाल्याच्या संघात झालं आहे. ओझी सांगा, ओझी सांगा करत मुलांच्या पाठीवर ओझी लादतो.


२१ सप्टेंबर, रविवार

डोकं दुखतं म्हणून वर्ग घेतला नाही. ते खरंच दुखत होतं.

संध्याकाळी पिलूच्या खोलीत गेले. काही विचारू म्हटलं, पण कसं विचारणार? ऐकलं हे सांगायची सोय नाही. "काही बोलायचंय का तुला माझ्याशी?" विचारलं. "कशाबद्दल?" म्हणाली. "कशाबद्दलही." ती हसली आणि म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" पलंगावर सरकून मला जागा करून दिली. मी बसले नाही. तिचा चेहरा इतका निवांत होता की मला भीती वाटली. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून कोणी इतकं निवांत कसं राहू शकतं?


२३ सप्टेंबर, मंगळवार

पाळकसाहेबांकडे जाऊन आले. आता जरा हलकं वाटतंय.

ते घरातल्या अभ्यासाच्या खोलीत खुर्चीचा मोडका पाय चिकटवत होते. मी सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, साहेब, मी चहाला आत होते, कानावर पडलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "अशी वेळ पुष्कळ मुलांवर येते," म्हणाले, "घाबरू नका, तिला दटावू नका." किती समजूतदार माणूस!

मग म्हणाले, "नेमकं काय म्हणाली ती?" मी शब्दन्‌शब्द सांगितला. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. "बाबांच्या तोंडाकडे बघून" इथे आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"असं म्हणाली? बाबांच्या तोंडाकडे बघून?"

"हो."

"आणि घरात सकाळ-संध्याकाळ देवाचंच बोलणं?"

"हो ना साहेब. आमच्या घरात कुठलं आलंय?"

ते खुर्चीचा पाय धरून बसले. डिंक ओघळून बोटांवर आला तरी कळलं नाही. मग विचारलं, "त्याआधी ती कोणाशी बोलत होती?"

"तुमच्या थोरलीशीच की. ती पोर तर रडत होती बिचारी."

त्यांच्या बाईंनी आतून जेवायला हाक मारली, दोनदा मारली, तरी ते उठले नाहीत. माझ्या मुलीसाठी एका माणसाला एवढं दुःख व्हावं! मेंढपाळ म्हणतात तो असा. मी निघाले तर दारापर्यंत पोचवायलाही आले नाहीत, नाहीतर नेहमी येतात.


२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दातवाला दुकानात आला. जाकीट नव्हतं, काही नव्हतं. आज चहाला यायला नको, म्हणाला. संघच नाही आज. मी विचारलं, का? तर हसला नाही. "पिलू सांगेल तुम्हाला," म्हणाला.

पिलूने सांगितलं. दुपारी घरी आले तर स्वयंपाकघरात उभीच होती.

"आई, तू फळीला कान लावून बसली होतीस?"

मी म्हटलं, कानावर पडलं.

"ते माझं नव्हतं!"

मला कळेना. मग तिने सांगितलं. आपलं ओझं आपण सांगायचंच नाही, असा त्यांचा नियम आहे. जोडीदाराला सांगायचं आणि त्याचं आपण ऐकायचं. मग गोलात उभं राहून त्याचं ओझं आपलंच असल्यासारखं 'मी' म्हणून सांगायचं. कोणाची जोडी कोणाशी होती ते मुलं बघतच नाहीत, बघितलं तरी लक्षात ठेवायचं नाही अशी शपथ आहे. म्हणून तिथे सगळ्यांना बोलता येतं. दातवाल्याची ही कल्पना. मोठ्यांना सांगितली नव्हती, कारण मोठे जोड्या मोजत बसतील असं त्याला वाटलं.

"ते थोरलीचं होतं," पिलू म्हणाली. "तिच्या बाबांना तू जाऊन सांगितलंस. त्यांनी तिला मंगळवारीच विचारलं. तिला वाटलं, मीच फोडलं." मग ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "आता मला कोणी काही सांगणार नाही."

यांनी मधे पडून "बेटा" म्हटलं. ती खोलीत गेली आणि दाराला आतून खुर्ची लावली. खुर्ची लावल्याचा आवाज आला.

मी ओट्याशी तशीच उभी राहिले. आणि मग हळूहळू दुसरं कळलं. त्या आधीच्या शनिवारी उंच्या ज्या आईबद्दल बोलला, ती ऑर्गनबाई नव्हती. उंच्याच्या जोडीला कोण होतं ते मी स्वतः पाहिलं होतं. फटीतून पाहिलं होतं.

वर्गात चोरी म्हणाले. एवढ्या लोकांसमोर, रोखून बघत म्हणाले. आणि घरी पिलूने मला वाढलं, कारण तिला वाटलं आईला कळलं, आई बदलली. लाज म्हणजे नुसता शब्द माहीत होता मला. यांना म्हटलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? म्हणाले, "उंच्याचं कळलं होतं. मला वाटलं, होईल आपोआप बरं." यांच्यावर ओरडायचं होतं, पण कोणत्या तोंडाने ओरडू?


२८ सप्टेंबर, रविवार

उपासनेत पाळकसाहेबांनी सांगितलं की ज्यांना दृढीकरणासाठी आणखी वेळ हवा असेल त्यांनी तो घ्यावा, त्यात कमीपणा नाही. चांगलंच सांगितलं. पण थोरली पहिल्या बाकावर नव्हती, आणि सगळ्या मंडळीच्या माना त्या रिकाम्या जागेकडे वळल्या. ज्याला कळायला नको त्यालाही कळलं.

वर्ग बंद केला. म्हटलं, मला जमणार नाही. ऑर्गनबाई हळहळली. तिला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी मी तुम्हाला उद्देशून बोलत होते, माझी चूक झाली, माफ करा. ती डोळे मोठे करून म्हणाली, "मला? अहो, मी उंच्याच्या खोलीत पाय ठेवत नाही. मोज्यांचा वास येतो." मग माझा हात धरला आणि विचारलं, "पण मग ती कोण?" मी खाली बघितलं. तिने हात सोडला नाही, त्यावरून तिला कळलं असावं.


३० सप्टेंबर, मंगळवार

थोरली दुकानात आली. पाळकसाहेबांचा पांढरा झगा दृढीकरणासाठी धुवायला दिला होता, तो न्यायला. दुसरं कोणीतरी येईल असं वाटलं होतं. मी इस्त्रीवाल्यांना चहाला पाठवलं.

काउंटरवर झगा ठेवला आणि म्हटलं, बाळा, पिलूचा यात काही दोष नाही. ऐकलं मी, समजले चुकीचं मी, सांगितलं मी. तिने एक शब्द बाहेर काढला नाही, मला तर नाहीच. तू तिच्याशी बोल गं. हवं तर माझ्याशी जन्मभर बोलू नकोस.

ती झग्याची घडी तपासत होती. मोठ्या माणसासारखी म्हणाली, "काकू, तुमचा राग नाही मला. तुम्ही आई आहात, तुम्हाला वाटलं ती तुमची मुलगी." मग म्हणाली, "पण पिलूला माहीत होतं तुम्ही आत आहात. फळी पूर्ण लागलेली नव्हती, तेही आम्हाला दिसत होतं. मी म्हटलं होतं तिला, आज नको, माझं नको सांगूस. तरी सांगितलं तिने."

"का?" मी विचारलं.

"ते तिलाच विचारा." झगा हातावर घेतला आणि गेली. पावती राहिली तिची.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. माहीत असून का बोलली? माझ्यावर सूड घ्यायचा होता? थोरलीशी काही बिनसलं होतं? ही पोर नक्की आहे तरी कशी? लिहिता लिहिता कळतंय की मी परत तेच करतेय. तरी विचार थांबत नाही.


१ ऑक्टोबर, बुधवार

विचारलं. आज पहिल्यांदा तिच्या खोलीचं दार वाजवलं. खूप वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारातच उभी राहून म्हटलं, एकच विचारते, परत कधी काही विचारणार नाही. थोरली म्हणते, फळी उघडी आहे हे तुला माहीत होतं. ती नको म्हणाली होती. मग का सांगितलंस?

पिलू माझ्याकडे बघत नव्हती. हातातला शर्ट घडी घालून पुन्हा उलगडला.

"त्या रविवारी तू वर्गातलं सांगितलंस ना जेवताना. चोरी वगैरे. मला वाटलं, तुला कळलं." शर्टाची बाही सरळ केली. "थोरली म्हणाली, तुझी आई आत आहे, फळी उघडी आहे. मी म्हटलं, असू दे. माझी आई चोरून ऐकणार नाही."

दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. तिने शर्टाची घडी घातली, दुसरा घेतला, त्याचीही घातली. मी मदत करू का विचारलं. नको म्हणाली.